लाल पट्ट्याखालची चाल

सकाळपासून समोरून सोसाट्याचा वारा होता. टपालवालीने पोती विमानात चढवली, नवऱ्याला शेजारी बसवलं आणि उडाली. टेकड्यांवर पोचेपर्यंत वारा पडला, पण तोवर त्याच्याशी झुंजण्यात इंधन फार जळलं होतं. खाली नुसते खडक होते. उतरायला हातभर सपाटी नव्हती.

चाल कमी केली तरच इंधन पुरणार होतं. तिने इंजिनाचा वेग ठरवणारा दांडा मागे ओढला, आणि हात सवयीने मिनिटाला एकवीसशे फेऱ्यांवर थांबला. विमानाच्या नाकावरचा जुना पंखा तिने कायम तिथेच चालवला होता. आता मात्र नवा पंखा बसवलेला, आणि त्याच्यासाठी तो आकडा तबकडीवरच्या लाल पट्ट्यात होता. तिथे रेंगाळलं तर पंखा आतून थरथरत राहतो आणि एक दिवस पातं तडकतं.

“अगं, असंच राहू दे. छान चाललंय.”

“अहो, वरवर छान आहे ते.”

तिने दांडा झटकन आणखी ओढला. काटा पट्ट्याखाली, एकोणीसशेवर आला. विमान जेमतेम उंची राखत रांगू लागलं.

“एव्हाना मी सायकलवर पोचलो असतो,” नवरा पुटपुटला.

“मग उतरा.”

इंधनाच्या काट्यावरची तिची नजर हलली नाही. काटा तळाला टेकला. शेवटची टेकडी पोटाखालून सरकली, धावपट्टी दिसली आणि चाकं जमिनीला लागली.

नवऱ्याने डोळे उघडले, तेव्हा ती खाली उतरून टपालाची पोती गाडीवर टाकत होती.