पा सेंगदाचं न उघडलेलं इंजिन

“माझ्या हातात असताना गाडीची असली शिट्टी ऐकली होतीस कधी?” सेंगदा ओरडली. “बारा वर्षं झाली, इंजिन उघडावं लागलं नाही. आणि तुम्ही दोघांनी चार महिन्यांत टर्बो खाल्लात!”

“दोघांनी म्हणू नकोस.” तिच्या लेकीनं, रुंगनं, चिकट भाताचा गोळा मिरचीच्या वाटणात बुडवला. “मी चढ चढते तो एका दमात. हा तुझा जावई सबंध घाट दुसऱ्या गियरवर कण्हत कण्हत नेतो. गाडी आहे का म्हैस?”

रुंगचा नवरा प्रासोंग तिच्या शेजारीच बसला होता. त्यानं भोपळ्याची वाटी पुढं ओढली.

“बोल की काहीतरी,” सेंगदा त्याच्यावर घसरली.

“तोंडात भोपळा आहे, आई.”

“जेवताना टर्बो नको,” सेंगदाचा नवरा इनथा म्हणाला. “मला नुसतं घाटाचं नाव ऐकून मळमळतं.”

हे मात्र खरं होतं. इनथाच्या त्या मळमळीमुळेच तर सेंगदा ड्रायव्हर झाली होती. पुआच्या बाजारातून डोंगर ओलांडून बो क्लुआच्या मिठाच्या विहिरींपर्यंत जाणाऱ्या रस्त्यावर, मागे दोन बाकं बसवलेली पिकअप चालवायची असं लग्नानंतर ठरलं, तेव्हा गाडी इनथाच्या नावावर घेतली होती. तिसऱ्या वळणावर तो खाली उतरला आणि ओकला. पाचव्या वळणावर पुन्हा. मागच्या बाकावरून सेंगदा उतरली, त्याला आपल्या जागी बसवलं आणि चाक हातात घेतलं. त्या दिवसापासून इनथा भातशेती बघतो आणि सेंगदा घाट. त्या ओळीवर, म्हणजे घाटात पाळीनं धावणाऱ्या गाड्यांवर, तेव्हा दुसरी बाई ड्रायव्हर नव्हती. सुरुवातीला माणसं तिच्या गाडीत बसायला कचरत. पुढं पुढं म्हाताऱ्या बायका दुसरी गाडी भरून सुटत असली तरी “पा सेंगदा येऊ दे” म्हणून बाजारात पाय पसरून बसू लागल्या. पा म्हणजे मावशी. साऱ्या घाटाची ती मावशी झाली.

आताची गाडी तिची तिसरी, बारा वर्षांपूर्वी घेतलेली. इतर बायका मुलांचे मार्क सांगतात तशी सेंगदा गाडीचं सांगायची. अडीच लिटरचं इंजिन, चार सिलिंडर, टर्बो, एकशे छत्तीस घोड्यांची ताकद. “आणि ताकद लागते कुठं? खाली, इंजिन हळू फिरताना. चढावर चौदा माणसं आणि कोबीची पोती घेऊन निघालं की हे इंजिन कुरकुरत नाही, दात ओठ खातं आणि जातं.” ऐकणारी बाई टोपलीवर डोकं टेकून झोपलेली असायची, पण सेंगदाचं सांगून व्हायचं.

नुसतं सांगणं नव्हतं. ठरलेल्या अंतराच्या आधीच ती तेल बदलून घ्यायची. पावसाळ्यात डिझेलच्या फिल्टरखालचा स्क्रू ढिला करून साचलेलं पाणी स्वतः काढायची, कारण पाणी पुढं गेलं की इंजेक्टर संपलेच. ह्या नव्या इंजिनांत धुराचा काही भाग परत आत फिरवतात. त्याची काजळी हवेच्या वाटेत साचते, गाडी दमेकऱ्यासारखी होते. दरवर्षी भाताची कापणी झाली की सेंगदा हवेची ती नळी सोडवून अंगणात घेऊन बसायची आणि जुन्या कापडाच्या चिंध्यांनी खरवडायची. कोपरापर्यंत काळी झालेली ती, ओठ मात्र रंगवलेले.

गेल्या पावसाळ्यात तिचा उजवा डोळा अधू झाला. ऑपरेशन होऊनही धुक्यात समोरून येणारे दिवे फुटून दिसू लागले. कुणी काही म्हणायच्या आत तिनं स्वतःच चाक सोडलं. तेव्हापासून एक दिवस रुंग, एक दिवस प्रासोंग असं चाललं होतं. पण ओळीच्या मुकादमाला ते चालेना. सोंगक्रानचा, नव्या वर्षाचा सण झाला की प्रत्येक गाडीवर एकच नाव लागेल, कुणाचं ते सांगा, असा त्याचा निरोप आला होता. रुंगला नाव आपलंच लागणार याची खात्री होती. इकडच्या रीतीनं घर लेकीकडे जातं, गाडीही लेकीकडेच जाणार.

आणि आता गाडी शिट्टी मारत होती, चढावर निळा धूर सोडत होती.

दुसऱ्या दिवशी सेंगदा दिवसाउजेडी, सपाट रस्त्यानं, स्वतःच गाडी घेऊन तुईच्या गॅरेजमध्ये गेली. तुईनं टर्बोला तेल नेणारी नळी सोडवली आणि तिच्या तळहातावर उपडी केली. काळे खडबडीत पापुद्रे पडले.

“तळाला लागलेला भात,” तुई म्हणाला. “पा, हे तेल करपलंय. टर्बोचं चाक धुराच्या जोरावर फिरतं, मिनिटाला लाखभर फेरे. त्याला आधार फक्त तेलाचा. चढ चढून ते लाल झालेलं असतं. त्याच क्षणी इंजिन बंद केलं की तेल यायचं थांबतं, आत राहिलेलं जळतं. तुमच्या ओळीच्या निम्म्या गाड्यांचं हेच. माथ्यावर देवळी, देवळीपुढं इंजिन बंद. घाटाच्या देवाच्या कृपेनं माझी चूल पेटते.”

“मीही बारा वर्षं बंदच करत आले.”

“मग तुमच्यावर देवाची जास्त कृपा.”

त्यानं नळी साफ करून दिली. नवा टर्बो चियांग मायहून मागवला. तो येईपर्यंत गाडी चालेल, पण जपून, म्हणाला.

सेंगदाला हे लागलं. देवाची कृपा! मग तेल, फिल्टर, काजळी, हे सगळं काय देवानं केलं होतं? माथ्यावरच्या चाओ पोपुढं, म्हणजे घाटाच्या धनीबाबापुढं, इंजिनाचा गोंगाट करायचा नाही ही रीत तिनंही पाळली होती. मग फरक कशात?

रुंगच्या पाळीच्या दिवशी ती गाडीत तिच्या शेजारी जाऊन बसली.

रुंग सुरेख चालवत होती. वळणाआधी गियर, वळणात पाय, कुठं धक्का नाही. कोबीचा ट्रक तिनं अशा जागी मागे टाकला की सेंगदाच्या पायानं आपोआप ब्रेक शोधला आणि मग तिलाच हसू आलं. ही माझीच, तिला वाटलं. मागच्या बाकावरची पोरं ओरडत होती, “आणखी एक, पी रुंग, आणखी एक!” पी म्हणजे ताई. माथ्यावर रुंगनं गाडी देवळीसमोर आणली आणि एकाच झोकात किल्ली फिरवून हात जोडले. डोंगर एकदम शांत झाला. त्या शांततेत पत्र्याखाली तापलेलं लोखंड टिकटिकत होतं.

दुसऱ्या दिवशी प्रासोंग. तो पिचितच्या सपाट मुलखातला. त्याच्या गावात चढ म्हणजे कालव्याचा बांध. कोबीचा ट्रक पुढं होता तो माथ्यापर्यंत पुढंच राहिला.

“पा सेंगदा,” मागून एक मीठवाली ओरडली, “रात्रीचं जेवण इथंच शिजवायचं का? तुमच्या दगडोबाला विचारा!”

बायका खिदळल्या. प्रासोंगनं आरशातून त्यांच्याकडे पाहून मान हलवली, जणू खरंच त्यांनी त्याला जेवणाचं विचारलं होतं.

माथ्यावर त्यानं गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला आणि इंजिन तसंच ठेवून उतरला. बाकाखालचा दगड काढला. मागच्या चाकाला लावला. लाथ मारून बघितला. मागची पायरी खाली सोडली. एकेका म्हातारीला हात धरून उतरवलं, तिची टोपली तिच्या हातात दिली. मग परत येऊन किल्ली फिरवली आणि हात जोडले. ह्याच दगडावरून त्याला सारी ओळ दगडोबा म्हणायची. सेंगदासुद्धा.

“हँडब्रेक आहे ना रे गाडीला?” ती वैतागून म्हणाली. “एवढा वेळ घुरघुर. धनीबाबाचे कान किटले.”

“हँडब्रेक आहे, आई. पण खाली दरीपण आहे.”

सेंगदा पुढं काहीतरी बोलणार होती. तिचा हात सवयीनं समोरच्या आरशाकडे गेला होता आणि आरशात तिचा चेहरा होता. 

बारा वर्षं माथ्यावर पोचली की ती आधी हा आरसा आपल्याकडे वळवायची. वाऱ्यानं सुटलेला अंबाडा उलगडायची, विंचरायची, पुन्हा बांधायची, फूल खोचायची, ओठांवरून रंग फिरवायची. धनीबाबापुढं विस्कटलेल्या केसांनी जायचं नाही, हा तिचा नेम. मग किल्ली. आणि तेवढा वेळ इंजिन हळू चालत राहायचं, तेल फिरत राहायचं, टर्बो निवत राहायचा. मुकादमाचीसुद्धा पा सेंगदाला “आटपा” म्हणायची छाती नव्हती.

ती इतकी हसली की प्रासोंग घाबरून खाली उतरला आणि दगड बघून आला.

“काय झालं, आई?”

“काही नाही. मी सुंदर आहे.”

घरी येऊन तिनं रुंगला सांगितलं. माथ्यावर थांबायचं. चारशे मोजायचे आणि मग बंद करायचं. नळीतले पापुद्रे दाखवले. रुंगनं बोटानं चुरडून बघितले, “हो” म्हणाली. मनापासून म्हणाली. एक फेरी थांबली, दुसरी थांबली. तिसऱ्या फेरीला तिच्या मागून दुसरी गाडी माथ्यावर आली. तिनं किल्ली फिरवली, हात जोडले आणि त्या गाडीच्या आधी उताराला लागली. सेंगदा त्या फेरीला मागच्या बाकावर टोपल्यांच्या मागे बसलेली आहे हे तिला खाली पोचेपर्यंत माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी जेवायला सगळे बसले, तेव्हा रुंगनंच सुरुवात केली.

“एकदा झालं, आई. एकदाच.”

“झालं.”

“ते लोक मागून बघत असतात. देवापुढं घुरघुर करत बसले की म्हणतात, हिला लाज नाही. तुझी गोष्ट वेगळी होती.”

“माझ्याही मागून बघत होते की. मी केस विंचरत होते.”

“तिचा हात माझ्याहून चांगला आहे, आई,” प्रासोंग म्हणाला. “मी तर तिच्या गाडीत बसलो की झोपतो. इतकी छान चालवते.”

“मला माहीत आहे,” सेंगदा म्हणाली. “ह्या ओळीवर तिच्यासारखा हात नाही. माझाही असा नव्हता. कुणी विचारलं तर मी बाजारात उभी राहून सांगेन.”

रुंगचे डोळे भरले. “मग? मी तुझी लेक आहे. घर माझं, आणि गाडी नाही?”

“घर तुझंच. घराला टर्बो नाही.”

इनथा हसला आणि लगेच खोकला. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. सेंगदानं भाताची टोपली रुंगच्या पुढं सरकवली आणि झाकण उघडून दिलं. रुंगनं हात लावला नाही.

“मागून कुणी आलं की तुला थांबवत नाही,” सेंगदा म्हणाली. “हा थांबतो. लोक हसतात तरी थांबतो. मी त्याला हसले, तरी थांबला. मला बारा वर्षांचं इंजिन आणखी बारा वर्षं न उघडता चाललेलं बघायचंय. ते हसण्यावारी नेता येत नाही.”

“पण आई, मी...” प्रासोंग म्हणाला.

“तू भोपळा खा.”

तिनं बोटं पाण्यात बुडवून पुसली, प्रत्येकाकडे एकदा पाहिलं.

“तुईकडे परवा नवा टर्बो बसेल. सोंगक्रान झालं की ओळीत नाव प्रासोंगचं लागेल. मुकादमाला मी आजच सांगून आलेय.”