बोटीत मी पहिला शिरलो

माझा हात आधी उठतो आणि डोकं मागून येतं. हे कौतुकानं सांगत नाही, पण लपवून तरी काय उपयोग? आमच्या कारखान्यात नवा माणूस कामाला लागला की जुने लोक त्याला आधी मशिनबद्दल सांगतात आणि लगेच माझ्याबद्दल. रिक्षावाल्याशी झालंय, पार्किंगवरून खालच्या मजल्याशी झालंय, एकदा तर मेहुण्याच्या लग्नात वाढप्याशी झालंय. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. बोईसरला येऊन बावीस वर्षं झाली, पण भांडायला लागलो की गावाकडची भाषा आपोआप तोंडात येते. बायकोवर मी कधी हात टाकला नाही, हे मी सगळ्यांना छाती पुढं काढून सांगतो. ताटं मात्र फेकलीत. तीन. त्यातलं एक चेपलेलं अजून घरात आहे आणि बायको मुद्दाम मला त्याच ताटात वाढते.

मुलगी एकच. तिला डॉक्टर व्हायचं होतं. बोईसरजवळच्या बेटेगावात आमच्या दोन खोल्यांत ती दोन वर्षं अभ्यासाला बसली. फॅनच्या खडखडाटाकडं लक्ष जातं म्हणून ऐन मे महिन्यात फॅन बंद करून बसायची. घाम पुसायला मांडीवर टॉवेल असायचा. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचं सेंटर तिला विरारच्या पुढं आलं. दीड वाजता गेट बंद. एक वाजून एकतीस झाले तर देवाचा बाप आला तरी आत सोडत नाहीत, असं ती महिनाभर आम्हाला सांगत होती. मी म्हणायचो, मी आहे ना. काय घाबरतेस?

त्या रविवारी सकाळी स्टेशनवर गेलो तर गाड्या बंद. पालघरच्या पुढं कुठं तरी वायर तुटलेली. परत घरी आलो, गाडी काढली. तोवर हायवेला गेलेल्या शेजाऱ्याचा फोन आला, की इकडं फिरकू पण नका, तासभर एकाच जागी उभा आहे. मग राहिली खाडीवरची बोट. गाड्या वाहून नेणारी, सपाट, मोठी. सफाळ्याच्या बाजूनं चढायचं, पंधरा मिनिटांत पलीकडं उतरायचं, तिथून सेंटर पंचवीस मिनिटांवर. मी त्या बोटीत कधी बसलो नव्हतो. पण हिशेब सोपा होता. साडेबाराची बोट पकडली की सव्वाला आपण गेटवर.

जेट्टीवर पोचलो तेव्हा बोट लागलेली होती. ओहोटी होती, त्यामुळं रॅम्प चांगलाच उतरता झालेला आणि शेवाळानं ओला. माझ्या पुढं एकच गाडी, एक पिकअप. विड्याच्या पानांच्या करंड्या एकावर एक रचलेल्या, वर ओलं गोणपाट. बोटवाला हात करून बोलावतोय, चला चला, आणि हा पिकअपवाला आपला कडेला गाडी घेऊन ढिम्म उभा. मी हॉर्न दाबला. दाबूनच ठेवला. मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "पप्पा, आहे अजून वेळ." तिच्या मांडीवर हॉल तिकीट आणि पाण्याची ती पारदर्शक बाटली, दुसरी चालत नाही म्हणून मुद्दाम आणलेली.

पिकअपचं दार उघडलं आणि एक माणूस उतरला. साठीचा असेल. पांढरा शर्ट, जाड भिंगाचा चष्मा, अंगानं काटकुळा. केळव्याजवळच्या माहीमचा, पानवेलींची वाडी असलेला, हे मला नंतर कळलं. तो सावकाश चालत माझ्या खिडकीशी आला, आत वाकून मुलीकडं बघितलं, तिच्या मांडीवरच्या कागदाकडं बघितलं आणि खिडकीच्या कडेवर हात ठेवून म्हणाला, "भाऊ, घाई हाय ना तुमाला? मंग असं करा, तुमी मागं—"

मागं! एवढं ऐकलं आणि माझं टाळकं सटकलं. मी दार असं ढकललं की ते त्याच्या गुडघ्यांवरच बसलं. तो कळवळून वाकला. मी उतरून त्याची कॉलर धरली आणि एक कानाखाली ओढली. "मला मागं जा म्हणतोस? मला?" तो काही तरी बोलायला बघत होता, हात मधे घालत होता. मी दुसरी नाकावर ठेवून दिली. ती मूठ होती. नाक मोडताना आवाज येतो, बारीक, तो मला हाताला जाणवला. चष्मा उडून सिमेंटवर पडला आणि पुढं जाताना माझ्याच बुटाखाली आला. म्हातारा शेवाळावरून घसरला, पाठीवर पडला, आणि पडलेल्या माणसाच्या बरगडीत मी लाथ घातली. खोटं बोलणार नाही. पडल्यावर घातली.

दोघा बोटवाल्यांनी मला मागून आवळलं. एकाच्या पोटात मी कोपर मारलं. मागच्या गाड्यांतले लोक उतरले, कोणी "अबे छोड ना" करतंय, कोणी पोलिसांना फोन लावा म्हणतंय, आणि या सगळ्यात मुलगी किंचाळतेय, "पप्पा, सोडा! पप्पा, सोडा त्यांना!" म्हाताऱ्याचा शर्ट छातीपर्यंत लाल झाला होता. तो उठून बसला, चाचपडत चष्मा शोधायला लागला आणि म्हणाला, "पोलीस नको. माजी पानं मरतील." दहा मिनिटं या गोंधळात गेली. शेवटी एक बोटवाला मला म्हणाला, "जा बाबा, जा तू आत. तुलाच पयला जायचं ना? जा." मी कपडे झटकले, गाडीत बसलो आणि ऐटीत बोटीवर चढलो. पार शेवटच्या टोकापर्यंत नेली गाडी. समोर फक्त पाणी. मुलीला म्हटलं, "बघ, आलो की नाही पहिले?"

ती मागच्या काचेतून म्हाताऱ्याकडं बघत होती.

मागून एकेक गाडी आत येत गेली. माझ्या मागं, डाव्या अंगाला, उजव्या अंगाला, इतक्या चिकटून की माझं दार चार बोटं पण उघडेना. अगदी शेवटी तो पिकअप आला. चष्म्याशिवाय, नाकाला रुमाल दाबून म्हाताराच चालवत होता आणि बोटवाले "थोडं उजवीकडं, अजून, बस" असं ओरडून त्याला वाट दाखवत होते. बोट सुटली तेव्हा बारा चाळीस झाले होते.

शेजारच्या गाडीत मुंबईचं एक कुटुंब होतं, केळव्याच्या रिसॉर्टवरून परत निघालेलं. बाई आधीच उतरून कठड्याशी उभी होती, व्हिडिओ कॉलवर कोणाला तरी सांगत होती, "अगं, क्रूझवर आहोत आम्ही! पंधरा मिनिटांची क्रूझ!" वारा छान सुटला होता. खारफुटीची हिरवी रेघ मागं सरकत होती. मग तिनं फोन फिरवला आणि ओरडली, "ई, हे बघ ना, त्या काकांना किती रक्त येतंय." लगेच दोघंतिघं मोबाइल वर धरून उभे राहिले. आरशात मला सगळं दिसत होतं. उतरून एकेकाचा फोन खाडीत फेकावा असं वाटलं, पण दार उघडत नव्हतं.

मुलगी सडपातळ. तिनं काच खाली केली आणि खिडकीतून बाहेर पडली. "कुठं चाललीस? बस गप!" मी म्हणालो. ती गाड्यांच्या फटींतून तिरपी होत गेली. मी आरशात बघत राहिलो. तिनं परीक्षेची ती बाटली उघडली आणि म्हाताऱ्याच्या तोंडावर पाणी ओतलं. मग त्याच्या नाकाखाली हात धरून उभी राहिली. तो तिला काही विचारत होता, ती मान हलवत होती. आणि मी पट्ट्यात अडकल्यासारखा सीटवर बसलेलो, कारण माझं पोट काही त्या खिडकीतून निघणार नव्हतं.

थोड्या वेळानं एक कोळीण माझ्याकडं आली. मासे विकायला निघालेली. तिची स्कूटर आणि बोंबलांचा टप पिकअपच्या शेजारी उभा होता. गाड्यांवर हात टेकत ती माझ्या खिडकीशी आली, वाकली आणि म्हणाली, "मुडद्या, तो तुला काय सांगत होता ठाव हाय?"

"काय?"

"या बोटीला एकच तोंड हाय. पयला शिरेल तो शेवटला निघते. हितं सगल्यांना म्हाईत हाय. म्हनून तो कडेला उभा होता, शेवट शिरायचं आन् पयलं निघायचं म्हनून. तुजी पोर बगितली, परीक्षेचा कागद बगितला, आन् तुला आपली जागा देत होता. सगल्यांच्या मागं थांब, शेवटला शीर, असं सांगत होता तो. आन् तू?"

मी मागं वळून बघितलं. माझ्या आणि रॅम्पच्या मधे अकरा गाड्या होत्या.

"किती वाजता हाय तिची परीक्षा?" तिनं विचारलं.

"दीडला गेट बंद होतं."

"मंग ती माज्यासंगं येईल. तू रहा हितंच." एवढं बोलून ती निघून गेली. तिनं बोंबलांचा टप उचलून पिकअपमध्ये पानांच्या करंड्यांवर ठेवला. भर दुपारचा मे महिना, मासे किती टिकणार? पण तिनं दुसऱ्यांदा बघितलं सुद्धा नाही.

बोट लागली. पिकअप तोंडाशीच, पण म्हाताऱ्याला आता एका डोळ्यानं दिसतच नव्हतं, तो सुजून मिटला होता. उलटी गाडी ओल्या रॅम्पवर चढवायची कशी? शेवटी मुंबईवाल्या त्या बाईचा नवरा आपल्या गाडीच्या खिडकीतून निघाला आणि चढला स्टिअरिंगवर. दोनदा बंद पडली, एकदा चाक घसरून परत बोटीत आली. तिच्या आड अडकलेली स्कूटर निघेपर्यंत एक वाजून सहा मिनिटं झाली. मुलगी मागं बसली, तिनं कोळणीच्या कमरेला धरलं आणि दोघी रॅम्प चढून दिसेनाशा झाल्या. मी खिडकीतून ओरडलो, "नीट लिही गं!" तिनं वळून बघितलं नाही.

माझी गाडी सगळ्यांत शेवटी निघाली.

सेंटरवर पोचलो तेव्हा दोन वाजायला आले होते. गेटसमोरच्या फुटपाथवर मुलगी बसलेली. शेजारी कोळीण उकिडवी. मला बघून कोळीणच बोलली, "दोन मिंटं. फकस्त दोन मिंटं. हात जोडले, पाया पडली, शिव्या दिल्या. नाय खोललं त्यानं."

दोन मिनिटं. आणि मी म्हाताऱ्याला दहा मिनिटं मारत होतो.

तरी मी गेटकडं गेलोच. आत वॉचमन खुर्चीवर बसलेला. मी गजांतून हात घालून त्याची कॉलर पकडायला बघितली, गेट धरून हलवलं, आईबहिणीवरून बोललो. तो जवळ आला आणि म्हणाला, "साहेब, ऑर्डर आहे." माझी मूठ वर गेली. तेवढ्यात मागून मुलीचा आवाज आला. ती ओरडली नाही, रडली पण नाही.

"मारा ना, पप्पा. त्याला पण मारा. एवढंच येतं तुम्हाला."

आजूबाजूला बरेच आईबाप उभे होते. सगळ्यांनी ऐकलं. मूठ खाली आली खरी, पण मला अक्कल आली म्हणून नाही. लाज वाटली, इतकी की मला तिथंच खाली बसावं लागलं.

ती माझ्या गाडीत बसली नाही. स्कूटरवर बसून कोळणीबरोबर परत जेट्टीला गेली, टप घ्यायला. म्हातारा तिथं सावलीत थांबला होता म्हणे, टपावर गोणपाट ओलं करून टाकत. संध्याकाळी गाड्या सुरू झाल्यावर ती ट्रेननं एकटी घरी आली. आईच्या कुशीत शिरून काय रडायचं ते रडली. मी आत गेलो तर गप्प झाली.

पंधरा दिवसांनी मी माहीमला गेलो. विचारत विचारत त्याची वाडी सापडली. पानवेलींना पाणी सोडत होता. नाक वाकडं झालं होतं, चष्मा नवीन होता. मला ओळखायला त्याला वेळ लागला. मी म्हटलं, "काका, मला दोन थोबाडीत मारा." खरंच मनापासून म्हटलं. त्यानं मारल्या असत्या तर माझं फिटलं असतं. तो म्हणाला, "मारून काय व्हनार हाय? बसा, च्या घ्या." मग फावडं टेकून उभा राहिला आणि विचारलं, "पोरगीला आत घेतला का वो?" मी नाही म्हणून मान हलवली. तो फावडं उचलून वळला. पाण्याची वाट बदलायला निघून गेला, आणि मी चहा न घेताच परत आलो.

तेव्हापासून मी कोणावर हात उचलला नाही. घरी कोणी याचं कौतुक करत नाही, आणि करावं असंही काही नाही.

पुढच्या वर्षी मुलगी पुन्हा परीक्षेला बसली. वर्षभर ती माझ्याशी बोलत होती, नाही असं नाही. मीठ द्या, लाइट बिल आलंय, आई बाहेर गेलीय, एवढं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी गाडीची सर्व्हिसिंग करून आणली. बोटीची वेळ, ट्रेनची वेळ, हायवे, सगळं चौकशी करून ठेवलं. आदल्या रात्री जेवताना बायकोला विचारलं, "सेंटर कुठं आलंय तिचं?"

बायको ताटात आमटी वाढत होती. म्हणाली, "ती सकाळीच गेली, मैत्रिणीकडं राहायला. तिथून जवळ आहे."

"अगं पण कुठं?"

"मला सांगितलंय. तुम्हाला सांगायचं नाही म्हणाली."

"का?"

तिनं पळी पातेल्यात ठेवली. "म्हणाली, पप्पांना कळलं तर ते सोडायला येतील."