वास नसलेलं काम

आयुष्यात मी सर्वांत जास्त ऋणी कोणाचा, असं कोणी विचारलं तर मी नानांचं नाव घेईन. नाना म्हणजे माझे थोरले काका, मुरुडच्या किनाऱ्यावर होड्या रंगवणारे. मुलांवर जीव टाकणारा हा माणूस कुठल्याच मुलाला उचलून घेत नाही. शेजारचं रांगतं पोर त्यांच्याकडे निघालं, की ते दोन्ही हात पाठीमागे नेतात आणि ओरडतात, "उचला गो याला! मी कामावरना आलोय!" त्या आवाजात राग नसतो, भीती असते. सुट्टीच्या दिवशी, धुतलेल्या सदऱ्यातही ते हेच म्हणतात.

कामावरून ते थेट घरात येत नाहीत. मागच्या दारी विहिरीपाशी कपडे उतरवतात, वेगळ्या बादलीत टाकतात आणि स्वतःच धुतात. काकीला हात लावू देत नाहीत. मग नारळाच्या काथ्याने अंग लाल होईपर्यंत घासत बसतात. मासळीच्या टोपल्या घेऊन जाणाऱ्या बायका थट्टा करतात, "काय रं नाना, बायको घरात घेत न्हाय काय?"

"मला घेते गो. रंगाला घेत न्हाय."

बायका हसतात, नानाही हसतात. पण नखांच्या कडा घासणं थांबत नाही.

याचं कारण छबी. नानांची एकुलती एक मुलगी. दुपारी ती किनाऱ्यावर धावत जायची आणि नाना तिला खांद्यावर बसवून घरी आणायचे. ओला रंग तिच्या गालाला लागायचा. काकी तो थिनरच्या बोळ्याने पुसायची. रंग-थिनरचे डबे पावसात भिजू नयेत म्हणून घरात खाटेखाली ठेवलेले असायचे, आणि छबी त्याच खाटेवर झोपायची. किनाऱ्यावरच्या घरांत यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. चार वर्षांची असताना तिला सारखा ताप येऊ लागला, अंगावर निळे डाग उठले. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात रक्ताचा कॅन्सर निघाला. पुढचा पावसाळा तिने पाहिला नाही.

तिथल्या एका तरुण डॉक्टरने पहिल्याच दिवशी, सगळ्याच आईबापांना विचारतात तसं, नानांना विचारलं होतं : काम काय करता? कुठले रंग? घरात ठेवता का? एवढं विचारून तो पुढच्या खाटेकडे गेला. नानांनी मात्र त्या प्रश्नांतच निकाल ऐकला. "तो इचारत गेला, नि मी येकेक कबूल करत गेलो," असं ते सांगतात. एकदा म्हणाले, "मी शिंपी असतो, तर त्यानं काय इचारलं असतं रं?"

दुसरं काम येत नव्हतं, म्हणून नाना होड्याच रंगवत राहिले. माझे वडील खलाशी. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मला कॉलेजात घातलं ते नानांनी. वसतिगृहाकडे निघालो तेव्हा एसटीच्या खिडकीशी उभे राहून त्यांनी एकच गोष्ट सांगितली, "बाला, वास नसलेलं काम बघ." बँक, पोस्ट, शाळा ही त्यांच्या लेखी वास नसलेली कामं. मी रसायनशास्त्र घेतलं तेव्हा त्यांना वाटलं, पोरगा मास्तर होणार. मास्तरकीची जागा काही मिळाली नाही. मिळाली ती रंग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत.

पहिल्या सुट्टीला पेढे घेऊन गेलो. नानांनी पेढा हातात घेतला नाही. ते माझ्या पिशवीजवळ वाकले आणि तसेच मागे सरले.

"ह्यो वास मी वळखतो."

"नाना, तिथे पंखे आहेत, हातमोजे आहेत. मोठा कारखाना आहे. तू उगाच घाबरतोस."

"मंग वास पिशवीत कसा आला?"

मी पिशवी उचलून बाहेर ओट्यावर ठेवली. मी निघताना ते अंगणाच्या टोकापर्यंत आले, इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाले, "तू येवढा शिकलास. येक सांग. छबीचं माझ्यापायी झालं का?"

"बघून सांगतो," मी म्हणालो. तेव्हापासून ते माझ्याशी फोनवर "हां, हां" एवढंच बोलतात आणि फोन काकीकडे देतात.

रूपाली, माझी बायको, त्याच प्रयोगशाळेत आहे. आमची ओळखच तिथली. नमुने मोजायचे, ढवळायचे, भांडी थिनरसारख्या सॉल्व्हंटने पुसायची, हे तिचं रोजचं काम. तिला दिवस गेल्याचं आम्हाला उशिरा कळलं. आधीचे दोन महिने ती त्या टेबलाशीच उभी होती. नानांचा प्रश्न त्या दिवशी आमच्या घरात राहायला आला. मी तिच्या ओढणीचा वास घेऊ लागलो, टॉवेलचा, उशीचाही. शेवटी ती चिडली. "अहो, किती हुंगाल? मला चोरी केल्यासारखं वाटतं." आणि लगेच रडू लागली. तिलाही तीच भीती होती, ती बोलत नव्हती इतकंच.

रूपालीला त्या टेबलावरून हलवा, असं सांगायला प्रयोगशाळेच्या साहेबांकडे गेलो तर ते हसले. "अरे, माझी दोन पोरं बघ, पैलवान आहेत. तुम्ही शिकलेली माणसंच जास्त घाबरता." मी उठलो नाही. उठलो असतो तर परत तिथे जायचं धैर्य मला झालं नसतं. शेवटी ते म्हणाले, "बरं, बघतो."

त्यानंतर मी नानांना पत्र लिहिलं. काल टपालात टाकलं.

ती. नाना,
साष्टांग नमस्कार. काकी हे वाचून दाखवेल. मध्येच उठून जाऊ नकोस.

रूपालीला चौथा महिना आहे. तिला आता ऑफिसात बसवलंय. मीही दुसरीकडे अर्ज केलेत. पण आधीचे दोन महिने काही परत घेता येत नाहीत.

तू विचारलं होतंस, त्याबद्दल मी वाचलं, मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनाही भेटलो. रंग-थिनरमध्ये काम करणाऱ्यांच्या मुलांत हा आजार थोडा जास्त दिसतो, असं काही अभ्यासांत आढळलंय, काहींत आढळलेलं नाही. अशा बहुतेकांची मुलं धडधाकट असतात. आणि एका मुलाकडे बोट दाखवून हे अमक्यामुळेच झालं, असं कोणालाच सांगता येत नाही. तुझ्यामुळे झालं नाही, असं मला ठणकावून लिहायचं होतं. पण ते मला ठाऊक नाही, आणि खोटं तू ओळखशील. तुझ्यामुळे झालं, हेही कोणाला ठाऊक नाही. त्या डॉक्टरने तसं म्हटलंच नव्हतं, नाना. त्याने फक्त विचारलं होतं.

आणखी एक. काकी म्हणाली, हल्ली तुझ्या हिरड्यांतून रक्त येतं आणि चढावर तू मध्येच बसतोस. तू सगळ्यांची पोरं रंगापासून लांब ठेवलीस आणि स्वतः रोज त्यातच उभा राहिलास. आमच्यापैकी कोणाच्या हे डोक्यातही आलं नाही. मी रजा काढलीय. गुरुवारी पहिल्या एसटीने येतो, आपण तुझं रक्त तपासून घेऊ. नाही म्हणू नकोस. बाळाचं कळायला अजून पुष्कळ वेळ आहे. तुझं लगेच कळेल, आणि आता मला त्याचीच जास्त भीती वाटते.

तुझा,
सुधीर