रखमाजीच्या तोंडाचा ठसा

बेडसे गावच्या रखमाजीइतका संशयी माणूस अख्ख्या पवन मावळात शोधून सापडला नसता. गवताची गंजी रचली की तिला शेणाची खूण करून ठेवायचा, कुणी पेंढी ओढली तर कळावं म्हणून. कुणी प्रेमाने गुळाचा खडा पुढे केला तर म्हणायचा, "आदी तुमी खा की." तसा कष्टाळू होता, व्यसन कसलं नव्हतं. पण मनात संशयाची पाल एकदा चुकचुकली की मग ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही. गाव हसायचं, घरच्यांना मात्र हसू येत नसे.

लीला त्याची एकुलती एक पोर. तिचे दुधाचे दात पडले आणि पुढचे दोन नवे आले ते थेट ओठाबाहेर. तिची आई नंदाबाई, तिचे दात कसे मोगऱ्याच्या कळ्या. रखमाजीच्या घराण्यातही असे दात कुणी पाहिले नव्हते. झालं! एके दिवशी जेवता जेवता त्याने बायकोला विचारलं, "ह्ये दात कुनाचं?"

नंदाबाईचा भाकरी थापणारा हात थांबला. "देवाशपथ तुमचीच पोर हाय," ती म्हणाली.

तरी पुढे तो उठताबसता तेच विचारत राहिला. पुढच्या साली बाई तापाने गेली. तरी ह्या गृहस्थाने पोरीला कधी जवळ घेतलं नाही. सांगताना अजून राग येतो मला. बायकोला जिवंतपणी बोलून छळलं, ती मेल्यावर पोरीला न बोलता.

लीलाला वाढवलं ते विठाबाईने, रखमाजीच्या थोरल्या विधवा बहिणीने. पोर बारा वर्षांची झाली, पण ओठाला ओठ लागत नव्हता. हसायची वेळ आली की हात तोंडावर जायचा. अशात कामशेतच्या बाजारात विठाबाईच्या कानावर आलं, की तळेगावचे केशव डॉक्टर मुंबईहून दातांचं शिकून आलेत, लोणावळ्यात दवाखाना थाटलाय, आणि वाकडे दात तारेने सरळ करतात. गोरगरिबांचं तर फुकटच करतात.

"फुकट?" रखमाजीचे डोळे बारीक झाले. "फुकट का म्हून?"

"तुझं डोस्कं नासलंय म्हून," विठाबाई कडाडली. "पोरीला न्यायची म्हंजे न्यायची."

मग रखमाजीही गाडीत चढला. मायेने नव्हे, पाळतीवर.

दवाखान्यात काचेच्या कपाटात पांढरेशुभ्र जबडे ओळीने मांडलेले. रखमाजी दारातच थबकला. "ह्ये कुनाचं वो?"

"पेशंटांच्या तोंडाचे ठसे आहेत," केशव डॉक्टर म्हणाले. "ओल्या प्लास्टरमध्ये ठसा घ्यायचा, त्यावरून दातांचा जबडा घडवायचा, तो समोर ठेवून बेत ठरवायचा. कुठला दात काढायचा, कुठला किती सरकवायचा. बेत न करता तार लावली तर दात भलतीकडेच जायचे."

एवढ्यातलं रखमाजीला ऐकू आलं ते फक्त 'दात काढायचा'. त्याने लगेच ताडलं. हा गरिबाचे धडधाकट दात उपटणार आणि मुंबईच्या कुठल्या तरी शेठच्या बोळक्यात बसवणार! शिवाय आपल्याकडे लेकराचा पडलेला दातसुद्धा शेणात गुंडाळून घरावर टाकतात, कुणाच्या हाती लागू नये म्हणून. इथे तर अख्खा जबडाच परक्याच्या कपाटात राहायचा. उद्या कुणी करणी केली म्हणजे? बघा हो गंमत! पोर आपली नाही म्हणणारा हा, पण तिचा दात कुणी चोरायचा नाही.

"आदी माझ्या तोंडाचा घ्या," तो खुर्चीत बसत म्हणाला. "मग बगू पोरीचं."

डॉक्टर हसले आणि त्यांनी खरंच घेतला. प्लास्टर टाळूला लागलं तसे रखमाजीचे डोळे पांढरे झाले, पण हूं की चूं केलं नाही. मग लीलाचा घेतला. दोन्ही जबडे घडून वाळेपर्यंत हा तिथून हलला नाही, जणू कुणी मधल्यामध्ये बदलणार होतं.

डॉक्टरांनी लीलाचा जबडा उजेडात धरला. पुढच्या दातांच्या मागे, टाळूकडे, भाताच्या दाण्याएवढा एक जास्तीचा दात होता. "सापडला!" ते म्हणाले. "हा पुढच्यांना बाहेर ढकलतोय. आधी हा काढू, मग तारेने पुढचे मागे घेऊ."

रखमाजी ताडकन उठला. "आता घावला! आक्का, ह्यो फसवतोय आपल्याला. त्यो दात तर समद्यांनाच आसतो!"

"कुणाला असतो?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला न्हाई का? कळतंय तवापासनं हाय. जीब लावली की लागतोय."

डॉक्टरांनी त्याचा जबडा उचलला. पुढचे दोन दात नव्हतेच. पोरवयातच, नवे उगवत असतानाच बैलाच्या शिंगाने पडलेले, आणि मिशांमुळे कुणाच्या ध्यानातही येत नसे. पण त्या मोकळ्या जागेमागे तोच इवलासा दात होता, त्याच जागी. डॉक्टरांनी दोन्ही जबडे शेजारीशेजारी ठेवले.

"मला नाही असा दात," ते म्हणाले. "तुमच्या बहिणीलाही नसेल. फार थोड्यांना असतो, रखमाजी, आणि पुष्कळदा घराण्यातून येतो. तुमचे पुढचे राहिले असते तर तेही असेच बाहेर आले असते. पोरीने बापाचंच तोंड घेतलंय."

विठाबाईने जीभ टाळूला लावून पाहिली आणि नाही म्हणून मान हलवली. मग पदरात तोंड खुपसून रडायला लागली. डॉक्टर बुचकळ्यात पडले. रखमाजीने एक बोट लीलाच्या जबड्यातल्या त्या दातावर ठेवलं, दुसरं स्वतःच्या तोंडात घातलं, आणि तसाच उभा राहिला. संशय घ्यायला आता स्वतःवाचून कुणी उरलं नव्हतं. मग त्याने हात पुढे केला, लीलाच्या डोक्यावर ठेवायला.

पोरीने तो हळूच बाजूला सारला. लहानपणापासून तिने सगळं ऐकलं होतं.

"मंग आय खरं बोलत हुती," ती म्हणाली. "आबा, तिला आता कोन सांगनार?"