नव्वदाव्या दिवसाचं कार्ड

व्हर्ना होल्मक्विस्टची चूक मी बावीस वर्षं झेरॉक्स करत आले. दर सप्टेंबरला, जेवढे नवे समुपदेशक तेवढ्या प्रती. मधल्या काळात मशिनं चार बदलली, कागद तोच.

मी मॅव्हिस. अमेरिकेत सुपीरियर सरोवराच्या काठी आमचं सरकारी ऑफिस आहे, अपंग माणसांना नोकरी मिळवून देणारं. तिथे मी कारकून. कॉफी माझी, कपाटांच्या किल्ल्या माझ्या, आणि शिव्याही सगळ्यात जास्त मीच देते. व्हर्ना नव्या समुपदेशकांना शिकवायची. विद्यापीठातून मोठमोठ्या पदव्या घेऊन पोरं यायची आणि पहिल्याच दिवशी तिच्यासमोर गपगार व्हायची.

तिच्याआधी शिकवणारे गृहस्थ पोरांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधून त्यांना बाहेर फिरवायचे, चाकाच्या खुर्चीत बसवायचे. पोरं खिदळायची, फोटो काढायची. व्हर्नाने आल्या आल्या ते बंद केलं. म्हणाली, "पट्टी बांधून तुम्हाला अंधाराची भीती कळते. आंधळ्या माणसाला नोकरीवर का घेत नाहीत, ते नाही कळत. ते डोळे उघडे ठेवूनच बघावं लागतं."

मग ती प्रत्येकापुढे मी काढलेली प्रत ठेवायची. पाकिटाची. कोपऱ्यात आमच्या ऑफिसचं नाव छापलेलं, मध्ये टाइप केलेलं नाव आणि पत्ता. नाव काळं केलेलं.

"या पाकिटाने एका माणसाची नोकरी घालवली," ती सांगायची. "कशी, ते शोधा."

पोरं पाकीट उलटंसुलटं करायची. कुणी म्हणायचं तिकीट कमी लावलंय, कुणी म्हणायचं स्पेलिंग चुकलंय. काखेत कळसा नि गावाला वळसा! शेवटी व्हर्नाच सांगायची. मी दाराशी कॉफीची किटली धरून ऐकायची. पाठ झालं होतं.

त्या माणसाचं नाव एमेट सारी. फिनलंडहून आलेल्या खाणकामगारांचा नातू. त्याला फिट्स यायच्या. औषधाने चार वर्षं एकही आली नव्हती, पण फिट्स म्हटलं की कोण काम देतंय? व्हर्ना तेव्हा समुपदेशक होती आणि एमेट तिच्याकडे आलेला. तिने त्याला एका बेकरीत लावून दिलं. भट्टीपासून लांब, कणीक वळायच्या टेबलावर. मालकाला आजार सांगायचा की नाही, यावर दोघांनी तीन बैठका घातल्या. कायद्याने सांगणं भाग नव्हतं. व्हर्ना म्हणाली, "आधी त्यांना तुझे हात बघू देत. आजाराचं नंतर तू ठरव." एमेटला पटलं.

आणि हात काय होते हो त्या माणसाचे! कणकेची वेणी अशी घालायचा की बेकरीवाल्यांनी महिन्याभरात त्याला नाताळच्या पावांवर बसवलं.

आमच्याकडे नियम असा, की माणूस नव्वद दिवस टिकला की फाईल 'यशस्वी' असा शिक्का मारून बंद. आणि आमच्या ऑफिसची एक हौस अशी, की नव्वदाव्या दिवशी त्याच्या हातात पडेल असं अभिनंदनाचं कार्ड पाठवायचं. फुलांचं चित्र, खाली सगळ्यांच्या सह्या. कार्ड जायचं घरी.

एमेटचं गेलं बेकरीत.

सरकारी ऑफिसचं नाव बघून मालकाने फोडलं. आत लिहिलेलं, 'आजाराशी झुंजत नव्वद दिवस पूर्ण केल्याबद्दल.' आजार कुठला, ते त्याने एमेटलाच विचारलं. एमेटला खोटं बोलता येत नाही. तीन दिवसांनी हंगाम संपला म्हणून त्याला काढून टाकला. नाताळला तेव्हा अजून पंधरा दिवस होते.

व्हर्ना धावत साहेबांकडे गेली. म्हणाली, फाईल उघडा. साहेब म्हणाले, "नव्वद दिवस झालेत ना? मग ती यशस्वी. यशस्वी फाईलला हात लावायचा नाही." तिने एमेटला तक्रार करायला सांगितलं. तो म्हणाला, "नको बाई. नव्वद दिवस ते माझ्याशी चांगले वागले." त्या धक्क्याने फिट्स परत सुरू झाल्या. अपंगत्वाच्या सरकारी पैशांवर तो घरी बसला. बत्तीस वर्षांचा होता.

जानेवारीत व्हर्नाने फाईलींचं काम सोडलं आणि शिकवायला लागली.

आता माझं ऐका. पाकिटावरचा पत्ता मी टाइप केला होता. व्हर्नाने फक्त चिठ्ठी लावली होती, 'कार्ड पाठव.' फाईलमध्ये दोन पत्ते होते, घरचा आणि बेकरीचा. बेकरीचा वर होता. माझं डोकं कुठे होतं देव जाणे, मी वरचा उचलला. दोन मिनिटांचं काम.

बावीस वर्षांत व्हर्नाने वर्गात एकदाही माझं नाव घेतलं नाही. "माझी चूक," असंच म्हणायची. एकदा मी तिला कोपऱ्यात गाठून म्हटलं, "अगं बये, खरं सांग ना त्यांना! माझ्या जिवाला घोर लागतो."

"पत्ता तू लिहिलास, सही माझी होती," ती म्हणाली. "आणि तुझं नाव सांगितलं की पोरं म्हणतील, कारकुनाची चूक. सुटलो! मग ती स्वतःची पाकिटं तपासणार आहेत का?"

मी तिला कॉफी ओतली.

प्रशिक्षणाच्या आदल्या दिवशी ती दरवर्षी नव्या अर्जाचा कागद घेऊन एमेटच्या घरी जायची. एक-दोनदा मीही गेले. तो दार उघडायचा, कॉफी द्यायचा, सरोवरातल्या माशांबद्दल बोलायचा. तिने कागद पुढे केला की हसायचा.

"माझी फाईल यशस्वी आहे ना, बाई? मग कशाला उघडता? बिघडायची उगाच!"

"एमेट, टोमणे पुरे. सही कर."

"पुढच्या वर्षी बघू."

आणि निघताना वेलची घातलेला गोड पाव कापडात गुंडाळून तिच्या हातात द्यायचा. त्याने स्वतः भाजलेला, वेणी घातलेला. तो पाव ती वर्गात ठेवायची. पोरं बोटं चाटायची आणि विचारायची, "कुठल्या बेकरीतला?" व्हर्ना म्हणायची, "कुठल्याच नाही." आणि मग पाकीट पुढे ठेवायची.

गेल्या सप्टेंबरचं प्रशिक्षण तिचं शेवटचं. निवृत्तीला महिना राहिलेला. तिला एकच ध्यास होता, जाण्याआधी एमेटला पुन्हा कणकेच्या टेबलाशी उभा केलेला बघायचा. या वेळी ती घरी गेली तेव्हा अर्ज नेलाच नाही. नुसतं म्हणाली, "उद्या माझा शेवटचा वर्ग आहे. येशील?"

आणि तो आला. इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून बसवलेले, काखेत पाव. वर्गात अकरा जण होते. तो पुढच्या खुर्चीत बसला आणि व्हर्नाने सांगितलं, "पाकिटावर जे नाव काळं केलंय, ते हे."

सगळ्यांनी हातातल्या प्रती खाली ठेवल्या. मागच्या बाकावर प्रिसिला नावाची मुलगी होती, पंचविशीची, जरा आगाऊ. तीच उठली. "सर, तुम्हाला आता काम करायचंय का?"

एमेटने तिच्याकडे बघितलं. "मला हे बावीस वर्षांत बाईंशिवाय कुणी विचारलं नव्हतं," तो म्हणाला. "बाईंना हो म्हणवत नव्हतं. मला परत काही झालं असतं तर त्या खचल्या असत्या. तू नवीन आहेस. तुला हो म्हणतो."

व्हर्ना खिडकीकडे वळली. मी किटली खाली ठेवली.

प्रिसिलाने तिथेच अर्ज काढला. तो लिहू लागला तेव्हा मला दिसलं, त्याचे हात थरथरत होते. इतक्या वर्षांच्या औषधांनी. एकेक अक्षर काढायला वेळ लागत होता. आज आणलेल्या पावाची वेणी एका बाजूने सैल का होती, तेही मग कळलं. व्हर्नाचीही नजर त्या हातांवरच होती. मेलं, मला तिच्याकडे बघवेना.

कोणतं काम हवं? त्याने लिहिलं, 'तेच.'

शेवटची नोकरी? बेकरीचं नाव, नव्वद आणि तीन दिवस.

नोकरी सोडण्याचं कारण? इथे तो थांबला. "बाई, इथे काय लिहू?"

या एका रकान्यावर व्हर्ना अख्खा तास शिकवायची. थोडक्यात लिहा, खरं लिहा, कुणाला दोष देऊ नका. त्या दिवशी तिने कागद नुसता त्याच्याकडे सरकवला. एमेटने स्वतःच लिहिलं, 'मी सोडली नाही.'

मग कागद माझ्याकडे आणून दिला, प्रत काढायला. "मॅव्हिसबाई," तो हळूच म्हणाला, "पत्र घरच्या पत्त्यावर पाठवा हं."

त्याला माहीत होतं की नव्हतं, मला आजतागायत कळलेलं नाही. मी तिथेच सांगून टाकायला हवं होतं. "हो," एवढंच बोलले.

अर्जाचा निकाल पाच आठवड्यांनी आला. व्हर्ना तोवर निवृत्त झाली होती. डॉक्टरांनी लिहिलं होतं, हातांचं कंपन जाणार नाही, बेकरीचं काम आता जमणार नाही. खाली प्रिसिलाने हाताने लिहिलेलं, 'दुसरं काही शोधू, मी येते भेटायला.' पोरगी चांगली आहे.

पत्र पाठवणं माझं काम. मी कोरं पाकीट घेतलं, ऑफिसचं नाव नसलेलं. घरचा पत्ता टाइप केला. रस्ता, घर नंबर, पिन, तीनदा ताडून बघितलं. मग खाली जाऊन स्वतः पेटीत टाकलं.

या वेळी पत्र बरोबर पोचलं.