हालू नका, हवा हाय

या जगात बुडण्यासारखं काहीच नाही, बुडतं ते फक्त हवा कमी पडली म्हणून, अशी ज्याची ठाम समजूत होती असा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता. जवळचा समुद्र गाठायला अख्खी रात्र एसटीत काढावी लागेल अशा ठिकाणी बसून त्यांनी जगातल्या झाडून सगळ्या जहाजांची काळजी एकट्यानं अंगावर घेतली होती. समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता आणि पाहायची घाईही नव्हती. "बघायचं काय त्यात? पाणीच हाय. खारं हाय म्हनतात, मग तर बरंच. खारं पाणी जास्त उचलतं." पुंडलिकनगर तेव्हा नावालाच नगर होतं. ज्वारीच्या रानात पंधरा-वीस घरं आणि मधून एक कच्चा रस्ता, एवढाच त्याचा पसारा. गल्लीतली पोरं त्यांना हवावाले मामा म्हणायची, मग पोरांचे आईबाप म्हणू लागले, आणि शेवटी पोस्टमनही त्याच नावानं हाक मारून पत्रं टाकू लागला.

मामा चितेगावच्या एका कारखान्यात कॉम्प्रेसरवर होते. हवा दाबून दाबून टाकीत भरणारं ते धूड एका पत्र्याच्या खोलीत दिवसभर धडधडायचं आणि त्या हवेवर बाकीची यंत्रं चालायची. कारखान्यात काय तयार होतं, हे विचारलं तर मामांना नीट सांगता येत नसे. "बाकीचे मालाचे, म्या हवेचा," म्हणून ते मोकळे व्हायचे. घर वैजापूरकडचं, मेंढरं राखणारं. त्यांचा आजा वाळक्या भोपळ्यांची सांगड बांधायचा आणि तिच्यावर पोट टेकून, खांद्यावर कोकरू घेऊन गोदावरी ओलांडायचा. मामांचं सगळं शास्त्र त्या भोपळ्यातून निघालं होतं. "भोपळ्यात काय असतं साहेब? हवा. आज्याला नेलं, कोकराला नेलं, मग जहाजाला न्यायला काय झालं?" मी एका सरकारी कचेरीत टंकलेखक, पण मामा मला साहेबच म्हणत. त्यामागचा स्वार्थ मला पुढं कळला.

त्यांचं म्हणणं तसं साधं होतं. जहाजाला भोक पडलं की लोक पाणी उपसत बसतात, ते चूक. भोक राहू द्यावं, वरून झाकण घट्ट लावावं आणि आत दाबाची हवा सोडावी. पाणी ज्या वाटेनं आलं त्याच वाटेनं मुकाट्यानं निघून जाईल. हे पटवायला त्यांना कुठलंही निमित्त चालायचं. माझ्या वास्तुशांतीला पंगत उठते न उठते तोच त्यांनी माझ्या बायकोच्या लग्नातल्या पातेल्याला खिळ्यानं भोक पाडलं, झाकण रबर लावून आवळलं आणि पातेलं हौदात सोडलं. ते बुडबुडे काढत तळाशी गेलं. मग मामांनी सायकलचा पंप नळीला जोडला आणि हाणायला सुरुवात केली. भटजी दक्षिणा विसरून हौदावर वाकले. थोड्या वेळानं पातेलं खरोखरच डुलत डुलत वर आलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "वर आलं हो भावजी," माझी बायको म्हणाली, "पण आता मी आमटी कशात करू?" मामांनी दुसऱ्याच दिवशी पातेलं डाग देऊन आणलं. ते आमच्याकडं अजून आहे, आणि आमटीला त्याच्याइतकं बरं दुसरं भांडं नाही.

त्यांचा कान विलक्षण होता. कुठं बारीकशी हवा निसटत असली तरी त्यांना ऐकू यायची आणि मग त्यांचा जीव थाऱ्यावर राहत नसे. एकदा एकादशीच्या भजनाला बुवांनी सूर लावला, मंडळी डोळे मिटून बसली, आणि मामा उठून थेट पेटीपाशी गेले. "थांबा. भाता गळतोय." कोणी काही बोलायच्या आत त्यांनी वाटीत साबणाचा फेस करून आणला, भात्याच्या घड्यांवर लावला, आणि जिथं फुगा आला तिथं बोट ठेवून विजयी मुद्रेनं बुवांकडं पाहिलं. बुवा त्यांच्याशी पुढं दोन महिने बोलले नाहीत, पण पेटी सुधारली. सकाळी पाळीला निघण्याआधी मामा गल्लीतल्या प्रत्येक सायकलचं चाक अंगठ्यानं दाबून बघत आणि न विचारता हवा भरत. ती इतकी की खड्ड्यातून जाताना दात वाजायचे. मागं बसलेली माझी बायको ओरडली की दारातून आवाज यायचा, "घाबरू नका वैनी, हवा हाय." दुखणं असो, परीक्षा असो, कुणाची बदली असो, मामांचा धीर देण्याचा मंत्र हा एवढाच. खिशाला लोक पेन लावतात तसा त्यांच्या खिशाला हवा मोजायचा गोल काट्याचा गेज लावलेला असे.

संध्याकाळी आम्ही गच्चीवर बसत असू. ज्वारी कमरेएवढी झालेली असायची, वारा सुटला की ती लांबवर लवत जायची आणि पुन्हा उभी राहायची. ऊन उतरता उतरता पैठण रस्त्याच्या अंगाला कारखान्यांचे दिवे लागत, आधी एक, मग चार, मग रांगच्या रांग. मामा बोट करायचे. "ती बघा, चालली." खाली ज्वारी हलत असायची, वर दिवे स्थिर, आणि खरं सांगतो, बराच वेळ टक लावून बघितलं की ते दिवे सरकताहेत असंच वाटायचं. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की मामा समाधानानं मान डोलवत, जणू कुठल्या तरी कप्तानानं त्यांनाच हाक दिली होती. मी व्यवहारी माणूस, असल्या गोष्टींची मला चीड. पण त्या गच्चीवरून मी कितीतरी जहाजं जाताना पाहिली आहेत.

आता माझ्या साहेबपणाचं कारण. दर रविवारी मामा पत्र सांगायला येत आणि मी ते इंग्रजीत टंकून देई. देशातल्या एकेका बंदराच्या अधिकाऱ्याला पत्र जाई. सुरुवात ठरलेली. "लिहा, तुमची जहाजं बुडतात हे ऐकून वाईट वाटलं." त्या साहेबाला काय वाटेल म्हणून मी ते वाक्य गाळायचो आणि मामांना वाचून दाखवताना मात्र घालून वाचायचो. उत्तर कुठूनच येत नसे. मग एके दिवशी आलं. कुठल्याशा दूरच्या बंदरातल्या, बहुधा फार काम नसलेल्या अधिकाऱ्यानं चार ओळी आणि सोबत एक छापील फॉर्म पाठवला होता. कल्पना रोचक आहे, प्रत्यक्ष चाचणीचा पुरावा हवा. भरलेल्या नावेत पाणी शिरू द्यावं, ती तरली पाहिजे, आणि नावेतल्या किमान दहा माणसांची नावं, पत्ते आणि सह्या फॉर्मवर हव्यात. मामांनी तो फॉर्म देवाच्या फळीवर ठेवला आणि गल्लीत गूळ-शेंगदाणे वाटले. इतक्या वर्षांत कोणीतरी त्यांना खोटं न म्हणता पुरावा मागितला होता. आता दहा सह्यांचाच काय तो प्रश्न होता.

नाव तयारच होती. नाथसागर धरणाच्या फुगवट्याकाठी मामांच्या बहिणीचं गाव. तिथून पलीकडच्या काठाला माणसं नेणारी एका म्हाताऱ्या भोयाची लाकडी नाव होती. तिच्या बैठकीच्या फळ्यांखाली मामांनी ट्रकच्या आठ ट्यूबा लोखंडी पट्ट्यांनी आवळून बसवल्या होत्या आणि महिन्यातून एकदा जाऊन ते त्यांतली हवा मोजून येत. भोई कुरकुरायचा, "मामा, मानसं बसवू का ट्यूबा?" पण काढून टाकत नसे. अडचण माणसांची होती. मामा घरोघर फिरले. "फक्त बुडायचंय, दुसरं काय बी नाय," असं ते आर्जवानं सांगत, आणि अख्ख्या गल्लीला एकाएकी पाहुण्यांची लग्नं निघाली. मलाही निघालं. मला पोहता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न तेव्हा पेटला होता. नाव बदलावं आणि बदलू नये, यावरून पिढ्यानपिढ्या ओळखीची माणसं एकमेकांना ओळखेनाशी झाली होती. शहरात संचारबंदी, एसट्या बंद, आणि खेड्यांकडून येणाऱ्या बातम्या ऐकवत नसत. गावकुसाबाहेरची घरं जळत होती. मी सरकारी नोकर. दार लावून घरात बसलो. आज सांगायला लाज वाटते, पण बसलो. मामा दोन दिवसांची रजा काढून बहिणीकडं हवा मोजायला गेले होते, ते चौथ्या दिवशी पायी परत आले. दोन्ही तळहातांना फोड आले होते आणि खिशाला गेज नव्हता. बायकोनं हाताला लोणी लावून दिलं. मी विचारलं, "मामा, चाचणी?" त्यांनी फोड झाकून मुठी मिटल्या. "नाय झाली," म्हणाले.

त्यानंतर त्यांनी पत्र सांगितलं नाही. फॉर्म देवाच्या फळीवर तसाच पडून राहिला. बहीण भाऊबिजेला येईनाशी झाली. शेतीवरून बिनसलं असेल, असं आम्ही धरून चाललो. आणि मी, सांगायला नको खरं तर, पण वर्षानुवर्षं त्यांची टिंगल केली. "काय मामा, जहाज कुठवर आलं?" असं मी येता-जाता विचारायचो. ते हसत आणि माझ्या सायकलचं चाक दाबून बघत.

मग एका थंडीत विद्यापीठाला नवं नाव मिळालं. शहरात कुठं गुलाल उडाला, कुठं दारं बंद राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीत एक बाई घरं शोधत आली. पांढरी साडी, हातात पेढ्यांचा पुडा, बरोबर कॉलेजात शिकणारी लेक. "हवावाले मामा इथंच राहत्यात का?" मी तिला शेजारी घेऊन गेलो आणि चौकसपणाच्या जुन्या सवयीनं तिथंच बसलो. मामांनी तिला ओळखलं नाही. मग लेकीनं रुमाल सोडून पुढं धरला. आत गोल काट्याचा गेज होता.

मामांनी गेज घेऊन उजेडात काटा निरखला. बोलली ती बाईच. "आमची वस्ती पेटवली तवा ही दीड वर्साची व्हती. रस्त्यावर काठ्या घिऊन मानसं उभी. आमी पळत काठाला आलो तर हे नावंत बसून पंप मारीत व्हते. काठ्या घेतलेल्या त्याच गावचे हे पावने, पन म्हनले, बसा. बारा मानसांची नाव, आमी सत्तावीस. मधी गेल्यावर पाणी काठावरून आत आलं, बसल्या जागी छातीला लागलं. समद्यांनी आशा सोडली. पन नाव त्याच्या खाली जाईना. एक ट्यूब गळत व्हती, तिला ह्यांनी पलीकडं लागंस्तवर पंप मारला. सारखं एकच म्हनत व्हते, हालू नका, हवा हाय. हालू नका, हवा हाय. ही लई रडत व्हती तर खिशातलं हे काढून तिच्या हातात दिलं. म्हनले, काटा बघत राहा."

मला ते फोड आठवले आणि मान वर करवेना. गल्लीभर पातेली बुडवून दाखवणाऱ्या या माणसानं खरी नाव तरवली होती, सत्तावीस माणसांसकट, आणि ते त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. शेवटी मी चिडूनच विचारलं, "मामा, मग फॉर्म का नाही भरलात?"

"नावं मागितली व्हती त्येंनी," मामा हळू म्हणाले. "पत्ते बी. जी मानसं लपून ऱ्हायलीत त्यांचे पत्ते म्या कागदावर कसे टाकू साहेब? तुमी टाकले असते?"

बहिणीचं येणं-जाणं का तुटलं, ते मग विचारायचं उरलं नाही. बाईनं फॉर्म मागितला. कडा पिवळ्या पडल्या होत्या, घडीवर तो विरला होता, पण दहाच्या दहा ओळी कोऱ्या होत्या. ती आता एका बालवाडीवर होती. लिहायला इकडं आल्यावर शिकली, म्हणाली. मी पेन दिलं. तिनं पहिल्या ओळीवर नाव लिहिलं, सही केली आणि मधेच थांबली.

"पत्ता कोनता टाकू मामा? तवाचा का आताचा?"

मामांनी गेज पुन्हा खिशाला लावला. "आताचा टाका," ते म्हणाले. "जिथं ऱ्हाता तो."

तिनं विद्यापीठाच्या अंगाच्या तिच्या वस्तीचा पत्ता लिहिला, घराच्या नंबरासकट, ठसठशीत अक्षरात, आणि शेवटी विद्यापीठाचं आदल्याच दिवशी मिळालेलं नवं नाव घातलं. मी लगबगीनं उठलो. बाकीच्या नऊ सह्या गोळा करता येतील, अधिकारी बदलला असला तरी बंदर काही बदलत नाही, मी आजच कव्हरिंग लेटर टंकतो, असं काहीबाही बोलत मी पाकीट आणायला निघालो.

"बसा हो साहेब," मामा म्हणाले. "पोचलं."

त्यांनी मग पेढा खाल्ला, आणि लेकीला कॉलेजला सायकलनं जातेस का, असं विचारलं.

मामांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. फॉर्म माझ्याकडं आहे, गेजही आहे. गच्चीवरून आता ज्वारी दिसत नाही, चौफेर घरं झाली आहेत आणि चितेगावचे दिवे त्यांच्या मागं गेले आहेत. पण वारा त्या बाजूचा असला की कधी कधी भोंगा ऐकू येतो, आणि मी हातातलं काम ठेवून उगाच तिकडं बघत बसतो. त्यांची मी एकदाही नीट माफी मागितली नाही, एवढं मात्र राहून गेलं. सकाळी फिरायला निघालो की गल्लीत उभ्या असलेल्या सायकलींची चाकं मी अंगठ्यानं दाबून बघतो. बहुतेकांत हवा कमीच असते.