जिची कथा, तिने गप्प बसायचं

वेल्समधल्या त्या डोंगरावरच्या शेतघरात एलुनेड लेखन-शिबिराला आली होती, पण आल्यापासून वही उघडून ती नुसतीच खिडकीबाहेर बघत बसली होती. न्याहारी उरकली की सगळे आपापल्या खोलीत शिरत आणि दुपारच्या जेवणापर्यंत घरात मौन. एलुनेडचा कान मात्र दाराशी. कुणी हाक मारत नाही, काही पडत नाही, यावर तिचा विश्वासच बसत नव्हता.

घरी आई होती. एलुनेड दिवसा बस चालवायची, तेव्हा शेजारीण आईपाशी बसायची, रात्र एलुनेडची. आई अपरात्री उठून अंगावर कोट चढवायची आणि धारा काढायला निघायची. गाई विकूनही जमाना झाला होता. आता गावातल्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली होती आणि गुरुवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

"आपल्या आईला परक्यांच्या हाती द्यायचं?" लिव्हरपूलला राहणारा धाकटा भाऊ एम्रिस म्हणाला होता. "तू आठवडाभर जाऊन तुझं ते लिखाण कर. मी येऊन राहतो तिच्याजवळ. एवढं काय त्यात!"

बुधवारी दुपारी एलुनेडच्या कथेची पाळी आली. शिबिराचा नियम साधा होता: जिची कथा, तिने गप्प बसायचं. सगळ्यांचं बोलून झालं की शेवटी तिने बोलायचं.

"कथेतली आई काही पटत नाही बुवा," क्लाइव्हने सुरुवात केली. तो निवृत्त वकील. पुरावा तपासल्यासारखा एकेक पान उलटत होता. "रोज रात्री उठून नसलेल्या गाईंच्या धारा? एकदा ठीक आहे."

"मला म्हातारी आवडली," कोपऱ्यातली डिलिस विणकामातून मान वर न काढता म्हणाली. "पण किती वेळा तो कोट! वाचणारा कंटाळेल की."

वाचणाराच काय, एलुनेडच्या मनात आलं.

"माझं विचाराल तर," मार्गदर्शिका फिलिपा हळुवारपणे म्हणाल्या, "चौथ्या पानावर आईला मरू द्या. मुलगी मोकळी होईल, कथाही."

एलुनेडला राग आला नाही. चौथ्या पानावर आई जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत येते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिथवर लिहून कितीदा तरी तिचं पेन थांबलं होतं, आणि दर वेळी तिने आईला हाताला धरून परत अंथरुणात नेलं होतं.

"आणि ही मुलगी!" क्लाइव्हचं संपलं नव्हतं. "नुसती राबते. तिला हवंय तरी काय? तिलाच काही नको असेल तर मी कशाला पुढे वाचू?"

"चला एलुनेड, आता तुम्ही बोला," फिलिपा म्हणाल्या.

सगळ्यांचे आभार मानायचे, एवढंच तिने ठरवलं होतं.

"झोप," ती म्हणाली. "तिला झोप हवीय."

क्लाइव्ह खो खो हसला. मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि त्याचं हसू विरलं.

"आणि आई मरायला नकोय," एलुनेड म्हणाली.

डिलिसच्या सुया थांबल्या. "हे खरं आहे होय गं सगळं?"

"कोट तर खराच आहे. तपकिरी."

क्लाइव्हने पानं सारखी करून तिच्यापुढे ठेवली. "आज स्वयंपाकाची पाळी तुमची ना? राहू द्या. बटाटे मी सोलतो."

फोनला रेंज फक्त वर, मेंढ्यांच्या फाटकापाशी मिळायची. चढ फार नव्हता, तरी एलुनेड मध्ये दोनदा थांबली.

"लुन!" एम्रिसने पहिल्याच घंटीला उचलला. "अगं, ही झोपतच नाही! काल तर रस्त्यापर्यंत गेली. तू कधी बोलली नाहीस."

"दर रविवारी सांगत होते."

"मला वाटायचं, तू जरा तिखटमीठ लावून सांगतेस."

"ती खोली घ्यायची, एम्रिस. उद्या मी हो म्हणून कळवतेय. तुला पटो न पटो."

"कळव," तो म्हणाला. मग म्हणाला, "आईला देतो."

"कोण बोलतंय?" आईचा आवाज खणखणीत होता. "एलुनेड नाहीये घरी. कामावर गेलीय."

"माहितीये," एलुनेड म्हणाली. "निरोप द्या तिला. धारा काढून झाल्यात म्हणावं."

"सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या. गोठाही लावून घेतलाय."

"बरं झालं बाई. दमते गं पोर."

एलुनेड खाली आली तेव्हा स्वयंपाकघरात दिवा होता आणि सालं किती जाड काढायची यावर क्लाइव्ह आणि डिलिसची जुंपली होती. ती तिकडे वळली नाही. खोलीत जाऊन तिने बूट काढले, वही खुर्चीवरून उचलून खाली ठेवली आणि अंगातला कोट खुर्चीवर टाकून ती आडवी झाली.